लाल तंबूतील माणसे : १९२८ च्या एका सुटकेचा इतिहास

उद्यमबागेतील ओतकामाच्या कारखान्यांवरून जो रस्ता खानापूरकडे जातो, तोच पुढे घाट उतरून गोव्यात शिरतो. त्या रस्त्याने वास्को येथे पोहोचलेला प्रवासी एका अर्थी उत्तर ध्रुवाच्या उंबरठ्यावर आलेला असतो, असे म्हटल्यास वाचकांस ती अतिशयोक्ती वाटेल. परंतु वास्कोच्या हेडलँड सडा भागात भारताचे ध्रुवीय व महासागरी संशोधनाचे केंद्र आहे, आणि त्या केंद्राच्या देखरेखीखाली चालणारे ‘हिमाद्री’ हे संशोधनस्थानक २००८ सालच्या १ जुलैपासून स्वालबार्ड द्वीपसमूहातील न्यू-ओलेसुन ह्या वस्तीत, एकोणऐंशी अंश उत्तर अक्षांशावर उभे आहे. ह्या वस्तीच्या कडेला पोलादी जाळीचा एक उंच मनोरा आजही दिसतो. तो १९२६ साली आकाशात तरंगणाऱ्या वायुनौका बांधून ठेवण्यासाठी उभारला होता. १९२८ सालच्या २३ मे रोजी पहाटे ‘इटालिया’ नावाची वायुनौका सोळा माणसांसह ह्याच वस्तीतून ध्रुवाकडे निघाली, ती परत आली नाही. तिच्यातील बर्फावर पडलेल्या माणसांच्या सुटकेचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत.

हा इतिहास नवा नाही. युरोपात त्यावर ग्रंथ लिहिले गेले, १९६९ साली चित्रपटही निघाला. परंतु प्रत्येक राष्ट्राने त्यातील आपापला तुकडा उचलून घेतला आहे. नॉर्वेत ती अमुंडसेनच्या बलिदानाची कथा होते, रशियात एका जहाजाच्या पराक्रमाची, आणि इटलीत बराच काळ ती एका सेनापतीच्या अपकीर्तीची कथा होऊन राहिली. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत तर अमुंडसेन १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचतो आणि पुढे एका ओळीत उत्तरेकडे नाहीसा होतो. हे तुकडे एकत्र ठेवून पाहिले म्हणजे एक विचित्र हिशेब समोर येतो. सोळांपैकी आठ वाचले, आणि त्यांना शोधण्यास गेलेल्यांपैकी नऊ जण मेले. ज्या सुटकेची किंमत अशी पडली, तिचे श्रेय आणि दोष कोणाच्या नावे मांडले गेले, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

मोहिमेचा प्रमुख उंबेर्तो नोबिले हा इटलीच्या हवाई दलातील अभियंता. १९२६ साली त्याने रचलेल्या व त्यानेच हाकलेल्या ‘नोर्गे’ ह्या वायुनौकेतून अमुंडसेन, अमेरिकन धनिक एल्सवर्थ व तो स्वतः न्यू-ओलेसुनहून ध्रुवावरून अलास्कापर्यंत गेले होते. प्रवास यशस्वी झाला आणि मैत्री बुडाली. मोहीम कोणाची, अमुंडसेनच्या नेतृत्वाची की नोबिलेच्या कौशल्याची, ह्यावरून दोघांत जाहीर व कडवट वाद झाला. इटलीने नोबिलेला जनरल केले. परंतु हवाई खात्याची सूत्रे हाती असलेल्या इटालो बाल्बोच्या मनात वायुनौकांना स्थान नव्हते. त्याचा सारा विश्वास विमानांवर होता. म्हणजे नवी मोहीम निघाली तेव्हा नोबिलेचा एक प्रतिस्पर्धी नॉर्वेत होता आणि दुसरा त्याच्याच राजधानीत.

वायुनौका म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्यास सांगावे लागते. हायड्रोजन भरलेली, शंभर मीटरांहून अधिक लांब अशी ती प्रचंड पिशवी. तिच्या पोटाखाली माणसांची खोली आणि बाजूंना पंखे फिरवणारी तीन यंत्रे. ती हवेपेक्षा हलकी म्हणून तरंगते, आणि वायू गमावला किंवा अंगावर बर्फ साचले की जड होते. ‘इटालिया’वर नोबिलेखेरीज मारियानो, झाप्पी व विल्येरी हे तीन नौदल अधिकारी होते, बिनतारी यंत्रावरचा ब्याजी हाही नौदलाचाच. त्यांच्या जोडीला स्वीडनचा हवामानशास्त्रज्ञ फिन माल्मग्रेन, चेक पदार्थवैज्ञानिक बेहोउनेक, मिलानचा प्राध्यापक पोंत्रेमोली, अभियंता त्रोयानी, कारागीर, एक वार्ताहर, आणि नोबिलेची तितिना नावाची लहानशी कुत्री.

२४ मे रोजी मध्यरात्रीनंतर चोवीस मिनिटांनी ते ध्रुवावर पोहोचले. वाऱ्यामुळे बर्फावर उतरण्याचा बेत सोडावा लागला. इटलीचा ध्वज आणि पोपने दिलेला लाकडी क्रूस वरून खाली सोडण्यात आला. परतताना समोरून वारा, धुके आणि बर्फ ही तिन्ही संकटे एकदम आली. २५ मेच्या सकाळी उंची सांभाळणाऱ्या सुकाणूची यंत्रणा गोठून अडकली. जमिनीवर आपटू नये म्हणून यंत्रे थांबवली, तेव्हा हलकी झालेली नौका धुक्याच्या वर, थेट उन्हात चढली. उन्हाने वायू तापून प्रसरण पावला आणि झडपांतून बराचसा निसटून गेला असावा. दुरुस्ती करून पुन्हा धुक्यात उतरल्यावर वायू निवून आकसला, आणि साडेदहाच्या सुमारास नौका शेपटीकडून जड होऊन खाली येऊ लागली. हे एक स्पष्टीकरण झाले. कापडाला चीर पडली होती असे दुसरे आहे. पुरावाच आकाशात उडून गेल्यामुळे वाद कायमचा राहिला. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या कोणाही कारागिरास मात्र एका अडकलेल्या चाकापायी सारे यंत्र कसे हातचे जाते, हे समजावून सांगावे लागणार नाही.

खोली बर्फावर आपटून फुटली आणि दहा माणसे बाहेर फेकली गेली. त्यांतील पोमेल्ला हा कारागीर थोड्याच वेळात मेला. नोबिलेचा पाय व हात मोडला होता, चेचोनीचा पाय मोडला होता, माल्मग्रेनचा खांदा दुखावला होता. एवढा भार एकदम कमी झाल्याने फाटकी नौका उरलेल्या सहा जणांना घेऊन पुन्हा वर उचलली गेली. त्या सहांत पोंत्रेमोली होता, वार्ताहर लागो होता, आणि प्रमुख कारागीर आर्दुइनो होता. वर जाता जाता हाती लागेल ते सामान आर्दुइनो खाली लोटत राहिला, अशी वाचलेल्यांची साक्ष आहे. खालच्यांना खाण्यापिण्याचे जे मिळाले त्याचा मोठा भाग असा आला. त्या सहा जणांचा किंवा त्यांच्या नौकेचा पत्ता आजतागायत लागलेला नाही. त्यांच्यासाठी कोणी स्वतंत्र मोहीम फारशी नेटाने चालवली नाही, ही गोष्ट ह्या साऱ्या प्रकरणात सर्वांत कमी बोलली जाते.

पडलेल्या सामानात एक लहान तंबू, एक पिस्तूल आणि लघुलहरींचे संकटकालीन बिनतारी यंत्र सापडले. उंची मोजण्यासाठी वरून टाकावयाचे रंगाचे काचगोळे होते. ते फोडून तंबूवर तांबडे पट्टे ओढले. पुढे जगभर गाजलेला ‘लाल तंबू’ तो हाच. ब्याजीने मोडक्यातोडक्या नळ्यांची काठी उभी करून संदेश पाठवावयास आरंभ केला. ठराविक वेळी तो हाक देई आणि मग कानाला यंत्र लावून बसे. रोमच्या आकाशवाणीच्या बातम्या त्याला स्वच्छ ऐकू येत. त्याची हाक मात्र कोणी ऐकत नव्हते. जेमतेम चारशे किलोमीटरांवर, न्यू-ओलेसुनच्या खाडीत, मोहिमेच्या दिमतीला दिलेले ‘चित्ता दि मिलानो’ हे इटालियन जहाज उभे होते. त्यालाही काही कळले नाही.

ह्याचे शास्त्रीय कारण आहे, आणि ते शिक्षकांच्या उपयोगी पडेल. लघुलहरी आकाशातील विद्युत्भारित थरावर आदळून परत भूमीवर येतात, त्यामुळे उगमाच्या जवळचा बराचसा टापू त्या ओलांडून जातात. शेजारच्यास ऐकू न जाणारी हाक दूरच्यास ऐकू जाते. परंतु सारे कारण शास्त्रात सापडत नाही. जहाजावरील बिनतारी यंत्र इतर तारा पाठविण्यात गुंतलेले असे आणि तंबूच्या हाकेकडे कान देण्याची शिस्तच तेथे नव्हती, असा नोबिलेचा आरोप आहे. जहाजाचा कप्तान रोमान्या ह्याची तर वायुनौका कोठेतरी आपटून सर्वनाश झाला अशी जवळजवळ खात्री झाली होती. आधी मृत्यू गृहीत धरला म्हणजे ऐकण्याचे श्रम कोण घेणार?

येथे आमच्या भागातील एक अलीकडची गोष्ट आठवते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनवर सोनम ठाण्याजवळ हिमकडा कोसळून मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील सुनील सूर्यवंशी होते आणि धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद होते. दहाही जण गेले असे समजून शोकसंदेशही निघाले. तरी शोधपथकाने कुत्री घेऊन बर्फ कापणे थांबवले नाही, आणि सहाव्या दिवशी कोप्पद जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीस दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले, हे खरे. पण शोधणाऱ्यांनी मृत्यू गृहीत धरला असता तर ते तीन दिवसही त्यांना मिळाले नसते.

तंबूतील माणसांना तसे शोधक लाभायचे होते. अद्याप लाभले नव्हते. बर्फाचे मैदान स्थिर नव्हते, वारा व प्रवाह त्याला रोज हलवीत होते. सूर्याचा वेध घेऊन स्थान काढावे तो उद्या ते निराळे. लहान बेटे दूरवर दिसत व नाहीशी होत. अशा स्थितीत ३० मे रोजी मारियानो, झाप्पी व माल्मग्रेन हे तिघे पायी भूमीकडे निघाले. त्याआधीच माल्मग्रेनने पिस्तुलाने एक पांढरे अस्वल मारले होते, म्हणून मागे राहिलेल्या सहा जणांना मांस तरी होते.

३ जून रोजी ती हाक ऐकली गेली, आणि ज्याने ऐकली तो कोणत्याही नौदलाचा नव्हता. रशियातील वोझ्नेसेन्ये-वोख्मा नावाच्या आडगावी निकोलाय श्मिट हा तरुण हौसेने स्वतः जोडलेल्या यंत्रावर रात्री लहरी शोधीत बसे. तंबूपासून सुमारे अडीच हजार किलोमीटरांवर त्याच्या कानी तुटक अक्षरे पडली. त्यांत ‘इटालिया’ व ‘नोबिले’ हे शब्द होते, आणि स्थळाच्या नावाऐवजी काही फुटके आवाज; त्यांवरून फ्रान्स जोसेफ बेटांचा भास झाला. त्याने तार करून मॉस्कोला कळवले. ६ जून रोजी लाल तंबूत रोमच्या बातम्या ऐकताना ब्याजीला कळले की आपली हाक एका रशियन हौशी माणसाने ऐकली आहे! त्यानंतर दोन-तीन दिवसांत ‘चित्ता दि मिलानो’शी बोलणे जमले, स्थानाची चूक दुरुस्त झाली आणि शोध योग्य दिशेला वळला.

इकडे सहा देशांची जहाजे, विमाने आणि कुत्र्यांच्या गाड्या उत्तरेकडे निघाल्या होत्या. हिंदुस्थानात ते बारडोलीच्या सत्याग्रहाचे महिने. आपले लक्ष दुसरीकडे असणे स्वाभाविक होते. परंतु युरोपात दुसरा विषय नव्हता. एवढी शक्ती एकत्र आली, तरी तिला एक डोके नव्हते. नॉर्वेचे वैमानिक निराळे, स्वीडनचे निराळे, रशियाची जहाजे निराळी. इटलीचा अधिकारी जहाजावर बसून रोमच्या आज्ञेची वाट पाहणारा. सोरा नावाचा इटलीच्या पहाडी पलटणीचा कप्तान ही संथ गती न साहून वरिष्ठांना न जुमानता एका तरुण डचासह कुत्र्यांची गाडी घेऊन बर्फावर उतरला. तंबूपर्यंत तो पोहोचला नाही; शेवटी त्यालाच विमानांनी सोडवावे लागले. तरीही त्या साऱ्या गर्दीत तो आम्हांस आवडतो.

आणि अमुंडसेन? नोबिलेशी त्याचे बोलणेही उरले नव्हते. वार्ता येताच तो जाण्यास सिद्ध झाला. नॉर्वे सरकारने मोहिमेची सूत्रे दुसऱ्या वैमानिकाकडे दिल्यावर त्याने फ्रान्सकडून ‘लाथाम’ नावाचे समुद्रावर उतरणारे विमान मिळवले. १८ जून रोजी तो पाच सोबत्यांसह त्रोम्सो बंदरातून उडाला. काही तासांनी त्याचा आवाज बंद झाला. ऑगस्टअखेर त्या विमानाचा एक तरंडा सापडला, पुढे पेट्रोलची एक टाकी सापडली. तिला लाकडाचे बूच ठोकलेले होते. म्हणजे समुद्रावर पडल्यावरही ती माणसे काही काळ जिवंत होती आणि मोडलेला तरंडा टाकीने भागवू पाहत होती. ज्याच्याशी वैर, त्याच्यासाठी त्याने प्राण दिले, असे सहसा लिहिले जाते. आम्हांस हे वाक्य जरा अलंकारिक वाटते. पंचावन्न वर्षांच्या, कर्जबाजारी झालेल्या आणि सरकारने बाजूस सारलेल्या पुरुषाच्या मनात केवळ क्षमा होती की अजून एकदा उत्तरेला जाण्याची ओढ होती, हे सांगणे कठीण आहे. त्याने त्याचा मोठेपणा उणावत नाही.

२० जून रोजी माद्दालेना ह्या इटालियन वैमानिकास तंबू सापडला. धवल पसाऱ्यात तंबू डोळ्यांस दिसत नाही. तो पुढे निघून जाऊ लागला की खालून ब्याजी बिनतारी संदेशाने त्याला उजवीकडे, डावीकडे वळण्यास सांगत होता. अन्न, बूट, विजेच्या बॅटऱ्या खाली पडल्या. मग २३ जूनच्या रात्री, जेथे रात्र नाहीच अशा त्या उजेडात, आयनार लुंडबोर्ग हा स्वीडिश लेफ्टनंट घसरपट्ट्यांचे लहान विमान घेऊन बर्फावर उतरला. सुटकेच्या ह्या क्षणीच साऱ्या वादाचे मूळ आहे.

कोणी कोणत्या क्रमाने जावे, ह्याची यादी नोबिलेने आधीच केली होती. पाय मोडलेला चेचोनी पहिला, आणि स्वतः नोबिले चौथा. लुंडबोर्गने यादी मानली नाही. सोबतचा निरीक्षक विमानात असता जड अंगाच्या चेचोनीस नेणे शक्य नाही. शिवाय आपणांस आज्ञा आहे ती प्रमुखास आणण्याची, म्हणजे तो बाकीच्यांच्या सुटकेचे मार्गदर्शन करील, असे त्याने सांगितले. नोबिलेने नकार दिला, सोबत्यांना विचारले. त्यांनी जाण्याचा आग्रह केला. तो कुत्रीसह विमानात बसला.

दर्यावर्दींच्या नीतीत कप्तान शेवटी उतरतो. ह्या एका मापाने युरोपने नोबिलेस तोलले आणि हीन ठरवले. पण मराठी वाचकांस दुसरेही माप ठाऊक आहे. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यातून निघालेल्या शिवाजीमहाराजांनी विशाळगडाकडे पुढे व्हावे आणि बाजीप्रभूंनी खिंड धरून मागे राहावे, ह्यात कोणी महाराजांस दोष दिला नाही. लाख मरोत पण लाखांचा पोशिंदा जगो, ही आपली म्हण त्याच विचाराची. नेता सुटला पाहिजे, कारण उरलेल्यांचे व कार्याचे भवितव्य त्याच्या हाती आहे. लुंडबोर्गचा युक्तिवाद नेमका हाच होता. मात्र ह्या नीतीला एक अट आहे. सुटलेल्या नेत्यास पुढचे काम करता आले पाहिजे. महाराज गडावर पोहोचले आणि तोफांचे आवाज झाले, अशी परंपरा सांगते. ते पोहोचणे खिंडीतल्यांच्या उपयोगी पडले. नोबिले जहाजावर पोहोचला, तेव्हा कप्तान रोमान्याने त्याच्यावर जवळजवळ पहारा बसवला. त्याने विमानांबरोबर जाण्याची विनंती केली, ती फेटाळली गेली. ज्या कारणासाठी त्याला आधी आणले, ते कारणच त्याच्या हातून काढून घेण्यात आले, आणि मग तो आधी का आला म्हणून त्याला जाब विचारण्यात आला. नोबिलेने त्या रात्री विमानात न बसता हट्ट धरावयास हवा होता, असे आमचेही मत आहे. सेनापतीने आपल्या कृतीचा अर्थ शत्रू काय करतील ह्याचाही विचार करावा लागतो. पण हा दोष व्यवहाराचा आहे, भ्याडपणाचा नव्हे.

लुंडबोर्ग दुसऱ्या माणसाला नेण्यासाठी परत आला आणि उतरताना त्याचे विमान उलटे झाले. सोडवणारा आता सोडवावयाच्या माणसांत जमा झाला. ६ जुलै रोजी त्याचाच सहकारी शिबेर्ग एका हलक्या विमानातून आला व त्याला घेऊन गेला. बर्फ वितळू लागले असल्याने पुन्हा कोणी उतरले नाही. ह्या घटनेवर कोणी चौकशी नेमली नाही. ध्रुवीय सुटकांत असे वारंवार घडते. डिसेंबर १९४८ मध्ये ग्रीनलंडच्या हिमपठारावर अमेरिकन हवाई दलाचे एक विमान पडले. त्यातील माणसांना आणण्यासाठी गेलेले विमान अडकले, मग बिनयंत्री ग्लायडर अडकले, आणि अडकलेल्यांची संख्या वाढत बारावर गेली. २८ डिसेंबरला घसरपट्ट्या व अग्निबाण जोडलेल्या विमानाने त्यांना उचलले. वीस वर्षांत यंत्रे पुष्कळ सुधारली होती, हिमपठार तेच होते.

लाल तंबूला शेवटी गाठले ते विमानाने नव्हे, जहाजाने. ‘क्रासिन’ हे रशियाचे बर्फ फोडीत जाणारे बलाढ्य जहाज १६ जून रोजी लेनिनग्राडहून निघाले होते. त्याचा मोहीमप्रमुख रुडोल्फ सामोयलोविच हा स्वालबार्डचा जाणकार भूवैज्ञानिक. जहाजाच्या नाकाडाने बर्फावर चढून वजनाने ते फोडावयाचे, मागे सरावयाचे, पुन्हा चढावयाचे. ह्या झटापटीत एका पंख्याचे पाते मोडले, कोळसा झपाट्याने संपू लागला. १० जुलै रोजी जहाजावरील वैमानिक चुखनोव्स्कीला बर्फाच्या एका तुकड्यावर पायी निघालेले लोक दिसले. परतताना धुक्यामुळे त्याला दूरवर उतरावे लागले व विमान मोडले. तेथून त्याने संदेश पाठवला, तो असा की आम्हांस नंतर न्या, आधी त्या इटालियनांकडे जा. १२ जुलैच्या सकाळी ‘क्रासिन’ने झाप्पी व मारियानो यांना उचलले, आणि त्याच संध्याकाळी लाल तंबूतील पाच जणांना. पडल्यापासून अठ्ठेचाळीस दिवस झाले होते. फॅसिस्ट इटलीच्या अधिकाऱ्यांना बोल्शेविकांच्या जहाजाने वाचवले, हे दोन्ही राजधान्यांत फार वेगळ्या सुरात छापले गेले.

माल्मग्रेन त्या दोघांबरोबर नव्हता. चालवेना म्हणून त्याने मागे सोडून जाण्यास सांगितले, आपले होकायंत्र आईस देण्यासाठी सोपवले, आणि ते पुढे गेले, अशी झाप्पीची जबानी. झाप्पी धडधाकट, त्याच्या अंगावर कपड्यांचे थर. मारियानो मरणोन्मुख, पुढे त्याचा पाय कापावा लागला. एवढ्यावरून वृत्तपत्रांनी नरमांसभक्षणापर्यंत मजल मारली. त्यास पुरावा कधीच मिळाला नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा जागी थांबावे, हे बरे. बर्फावर तीनच माणसे होती, त्यांतील एक मेला, एक शुद्धीच्या काठावर होता, आणि तिसऱ्याचेच शब्द आपल्याजवळ आहेत.

परतीच्या वाटेवरही मृत्यू संपला नाही. सप्टेंबर १९२८ अखेर शोधकार्यातून मायदेशी चाललेले पेंझो ह्या वैमानिकाचे विमान फ्रान्समध्ये ऱ्होन नदीवरील विजेच्या तारांत अडकून कोसळले, तिघे मेले. ‘लाथाम’वरील सहा आणि हे तीन, असा तो नऊंचा हिशेब.

मग चौकशी झाली. ॲडमिरल कान्यी ह्याच्या अध्यक्षतेखालील आयोगाने मार्च १९२९ मध्ये निर्णय दिला. वायुनौका गमावण्याचा दोष नोबिलेचा, आधी निघून येण्याचा दोषही नोबिलेचा. झाप्पी व मारियानो यांचे वर्तन मात्र प्रशंसनीय. जहाजावर हाक का ऐकली गेली नाही आणि सहा देशांच्या पथकांत मेळ का नव्हता, हे प्रश्न एका माणसाच्या दोषाखाली गाडले गेले. नोबिलेने सेवेचा राजीनामा दिला, १९३१ साली रशियास जाऊन वायुनौका बांधण्याचे काम पत्करले, पुढे काही वर्षे अमेरिकेत शिकवले. फॅसिस्ट राजवट कोसळल्यावर १९४५ साली त्याला हवाई दलाचे पद परत मिळाले, १९४६ साली तो इटलीच्या घटनासमितीवर निवडून गेला, आणि १९७८ साली त्र्याण्णव वर्षांचा होऊन रोममध्ये वारला. आपली बाजू मांडणे त्याने अखेरपर्यंत थांबवले नव्हते. दीर्घायुष्य हा बदनाम माणसाचा एक मोठा वकील आहे.

ज्यांनी त्याला व त्याच्या माणसांना वाचवले त्यांना तो वकील लाभला नाही. ‘क्रासिन’ आज सेंट पीटर्सबर्गच्या धक्क्यावर वस्तुसंग्रहालय होऊन उभे आहे; त्याच्या मोहिमेचा प्रमुख सामोयलोविच मात्र १९३८ साली स्टालिनच्या धरपकडीत सापडला आणि १९३९ साली त्याला गोळी घालण्यात आली. वोख्म्याच्या ज्या तरुणाने जगातील सर्व नौदलांच्या आधी ती हाक ऐकली, त्या निकोलाय श्मिटचा मॉस्कोत सत्कार झाला होता. बिनतारी यंत्राचे वेड त्याने सोडले नाही. महायुद्धाच्या काळात ताश्कंद येथे त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप आला, आणि १९४२ साली त्यालाही गोळी घालण्यात आली. तो निरपराध होता, हे त्याच्या देशाने १९८४ साली मान्य केले.